पोत्यातले आणि घरचे

गणपतीला सगळी मंडळी घरी आली होती. जेवणे झाल्यावर पुण्याचा पुतण्या हात धुवायला मागच्या पडवीत गेला आणि तिथूनच ओरडला, "काकू, हे काय? तुम्हीसुद्धा कंपनीचं खाद्य आणता?"

पडवीच्या कोपऱ्यात पिल्लांच्या खाद्याचे पोते उभे होते. चोरीचा माल सापडावा तसे सगळे ते बघायला गोळा झाले. "मग आम्ही गावठी अंडी म्हणून कौतुकाने पुण्याला नेतो ती कसली?" हा त्याचा पुढचा प्रश्न. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या सासूबाईंनी कधी पोतं आणलं होतं का हो? मूठभर कणी टाकली की झालं."

घर भरलेले, आरतीची वेळ होत आलेली. मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. याचे उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते मला फुकट मिळालेले नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. पुतण्या वाचेलच. त्याची आईही वाचते आणि मग फोन करते. :-)

आधी जाऊबाईंचे म्हणणे घेऊ, कारण ते खरेच आहे. आमच्या सासूबाईंच्या वेळी, आणि त्याआधी माझ्या माहेरीही, कोंबड्यांसाठी कुणी काही विकत आणत नसे. सकाळी खुराडे उघडले की कोंबड्या उकिरड्यावर जात. दिवसभर किडे, गांडुळे, गवताचे बी, परड्यातला पाला. संध्याकाळी कणी-कोंड्याची मूठ. पिल्ले निघाली की आम्ही मुले वारुळाचे ढेकूळ फोडून आणायचो आणि वाळवी अंगणात झाडायचो. पिल्लांची तिच्यावर काय झुंबड उडायची! त्या वाळवीत प्रथिने असतात हे मला पुढे पुस्तकातून कळले, आईला ते न वाचताच माहीत होते.

पण याच आठवणींची दुसरी बाजू आपण सांगत नाही. तेव्हाची कोंबडी दहा-बारा अंडी घालून खुडूक व्हायची. मग ती रवणावर बसायची, मग पिल्ले फिरवायची. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी म्हणजे खूप झाली. दहा पिल्लांतली दोन घार न्यायची, दोन मुंगूस, मानमोडी आली तर अख्खे खुराडे रिकामे. जी तीन-चार जगत, त्यांचीच आपल्याला आठवण राहते आणि आपण म्हणतो, "पूर्वी काही लागत नव्हतं." जी मेली त्यांना काय लागत होते, हे कुणी विचारले होते?

आणि कणी म्हणाल तर ती कणी आता नाही. माझ्या लहानपणी भात घरी कांडला जाई. कणीबरोबर कोंडा असे, दाण्याचे कोंब असत. आता भात गिरणीत जातो. पॉलिश होऊन पांढराशुभ्र तांदूळ येतो आणि कणीही तशीच पांढरीशुभ्र येते. नाव तेच, वस्तू दुसरी.

यावरून एक गोष्ट सांगते. सहावी-सातवीला जीवनसत्त्वे शिकवताना ती मी कितीदा सांगितली असेल! क्रिस्तियान आयकमान नावाचे डच डॉक्टर १८९० च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. माणसांचे पाय लुळे पाडणारा हा रोग. त्यांनी प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. एकाएकी कोंबड्यांचेही पाय लटपटायला लागले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पांढरा, सडलेला भात मिळत होता. म्हणजे कोंडा काढलेला. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना का द्यायचा, म्हणून त्याने तो बंद केला. साध्या कोंड्यासकट तांदळावर कोंबड्या सुधारल्या. आयकमान यांना आधी वाटले की पांढऱ्या भातात काही विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा आहे. पुढे १९०१ मध्ये त्यांचे सहकारी खेरिट ग्रेन्स यांनी सांगितले, की विष नाही, त्या भातात काहीतरी कमी आहे. ते कमी असलेले म्हणजे आपले ब-१ जीवनसत्त्व. १९२९ साली आयकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुले हसायची, "बाई, कोंबडीच्या खाण्यावरून नोबेल!"

ही गोष्ट मी वर्षानुवर्षे सांगितली, आणि गरज पडली तेव्हा स्वतःच विसरले.

२०२१ सालची गोष्ट. पलीकडच्या वाडीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. नवरा गेलेला, दोन मुले शाळेत. बचत गटाचे कर्ज काढून तिने आषाढाच्या तोंडावर वनराज जातीची पन्नास पिल्ले आणली. तेव्हा सोयापेंडीचे भाव असे भडकले होते, की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. साहजिकच खाद्याचे पोते महाग. त्यात २२ जुलैला चिपळूणला महापूर आला. आमच्याकडे माल तिकडून यायचा. बाजारपेठच पाण्याखाली गेली म्हटल्यावर पोते महागच काय, मिळेना.

ती माझ्याकडे आली. "बाई, काय घालू पिल्लांना?"

मी काय सांगावे? मी अगदी वर्गात सांगावे तशा खात्रीने म्हणाले, "अगं, पोत्याचं काय घेऊन बसलीस! मक्याचा भरडा कर, कणी घाल, भुईमुगाची पेंड घाल. पूर्वी काय कंपन्या होत्या?" पेंड गावातल्याच एका दुकानात पडून होती. जरा कुबट वास येत होता. तिने मला हुंगायला दिली. मी म्हणाले, "पावसाळ्यात यायचाच वास. दोन दिवस ऊन दे."

पिल्ले तीन-चार आठवड्यांची होती. आधी त्यांची वाढ थांबली. पंख विस्कटलेले, दिवसभर कोपऱ्यात बसून. मग रोज एक-दोन मरायला लागली. पन्नासातली एकोणीस गेली. शेवटी ती एक मेलेले पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली, मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी ते उघडून यकृत दाखवले. सुजलेले आणि फिकट. त्यांनी खाद्याचा नमुना हातात घेतला, हुंगला आणि विचारले, "ही पेंड कुणी घालायला सांगितली?"

ती काही बोलली नाही. मी म्हणाले, "मी."

त्यांनी शांतपणे समजावले. ओलसर मक्यावर आणि भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी येते, तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ऊन दिले की बुरशी मरेल, वासही जाईल, पण झालेले विष तसेच राहते. शिजवूनही ते पुरते जात नाही. हे विष जगाला कळले तेही पाळीव पक्ष्यांमुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की मेल्या आणि कारण निघाले त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड. मग डॉक्टर म्हणाले, "आणि बाई, विष नसतं तरी ही पिल्लं नीट वाढली नसती. मका आणि कणी म्हणजे नुसता पिष्टमय भाग. जीवनसत्त्वं कुठेत? खनिजं कुठेत?"

एक विष होते, आणि एक कमी होते. आयकमान आणि ग्रेन्स दोघांचेही म्हणणे माझ्या एकाच सल्ल्यात खरे ठरले होते.

परत येताना ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं बाई, माझं नशीब." ती रागावली असती तर बरे वाटले असते. नशीब नव्हते ते. माझ्या शब्दावर पस्तीस वर्षे मुलांनी विश्वास ठेवला, त्याची मला सवय झाली होती. नुकसान मी भरून दिले. तिने ते "पुढे अंड्यांत फेडीन" या बोलीवरच घेतले आणि फेडलेही. पण त्यानंतर मी वही घातली आणि या विषयाचा अभ्यास केला. तेव्हापासून माझे एक मत बनले आहे. ते असे, की खाद्य घरचे की पोत्यातले हा प्रश्नच चुकीचा आहे. कोण खाणार, त्याचे वय काय, दिवसभर त्याला आणखी काय मिळते आणि खाद्य किती दिवसांचे आहे, हे विचारायला हवे.

खाद्याचे प्रकार सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल.

पहिला भरडा. दुकानात त्याला मॅश म्हणतात. सगळे धान्य, पेंड, खनिजे भरडून एकत्र केलेली असतात. स्वस्त पडतो आणि घरी करता येतो. पण कोंबडी काही सरळ नसते. भांड्यासमोर दहा मिनिटे बसून बघा. ती मक्याचे मोठे तुकडे टिपून खाते आणि तळाची पूड ठेवते. खनिजे आणि जीवनसत्त्वे नेमकी त्या पुडीत असतात. म्हणजे दांडगी कोंबडी मका खाऊन जाते, दुबळीच्या वाट्याला धूळ येते. आपण मात्र म्हणतो, सगळ्यांना सारखेच घातले.

दुसरी गोळी, म्हणजे पेलेट. तोच भरडा वाफेवर मऊ करून साच्यातून दाबून काढतात. प्रत्येक गोळीत सगळे आलेले असते, निवड करायला वाव नाही, सांडलवंडही कमी. पण गोळ्या खाऊन पोट लवकर भरते. बंद जागेतल्या कोंबड्यांना मग उद्योग उरत नाही आणि त्या एकमेकींची पिसे उपटत बसतात. मोकळ्या सोडलेल्यांचा हा प्रश्न नाही.

तिसरा चुरा, म्हणजे क्रम्बल. गोळ्या फोडून पिल्लांच्या चोचीत मावतील एवढे केलेले तुकडे. पडवीतल्या पोत्यात हेच आहे.

चौथे अख्खे धान्य. कोंबडीला दात नसतात. पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत ती बारीक खडे साठवते आणि त्यांवर दाणे दळते. मोकळी कोंबडी खडे शोधून खाते. बंद ठेवलेलीला ते द्यावे लागतात, नाहीतर अख्खे दाणे नीट पचत नाहीत.

पाचवा ओला भरडा. कोकणातल्या घरी पूर्वापार चालत आलेला. पाणी किंवा ताक घालून कालवला की पूड दाण्यांना चिकटते आणि निवडीचा खेळ बंद होतो. कोंबड्या तुटून पडतात. मात्र तासा-दोन तासांत संपेल एवढाच कालवावा. दुपारच्या उन्हात उरलेला नासतो. काहीजण दोन-तीन दिवस भिजवून आंबवतात. त्याला आंबोळीच्या पिठासारखा वास असला तर ठीक. वर केसाळ बुरशी दिसली तर वरची काढून खालचे घालू नये, सगळेच टाकावे.

आता माझ्याकडे काय चालते ते. आठ आठवड्यांपर्यंतच्या पिल्लांना विकतचा चुरा. यात मी तडजोड करत नाही. त्या वयात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, जीवनसत्त्वे मोजून लागतात आणि चुकीला जागा नसते. पिल्लू एवढेसे खाते, त्यामुळे खर्चही फार नाही. इथे घरगुतीचा अभिमान मिरवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर हौस.

मोठ्या कोंबड्या माझ्याकडे चौदा आहेत आणि दिवसभर परड्यात असतात. त्यांना मी घरी भरडा करते. दहा किलोचा हिशोब असा: मका साडेपाच किलो, भाताचा ताजा कोंडा दोन किलो, सोयापेंड दीड किलो, सुकटीचा चुरा अर्धा किलो, कणी तीनशे ग्रॅम आणि कोंबड्यांसाठीचे खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम. गणिताची आवड असेल त्यांनी मांडून बघावे. मक्यात सुमारे नऊ टक्के प्रथिने, कोंड्यात बारा, सोयापेंडीत पंचेचाळीस, सुकटीत पंचावन्न धरली तर एकूण सतराच्या जवळ येते. अंड्यावरच्या कोंबडीला तेवढे पुरते. सुकट आधी धुऊन खारटपणा काढायचा आणि खडखडीत वाळवून मग कुटायची, कारण जास्त मीठ कोंबडीला बाधते. जास्त सुकट घातली तर अंड्याला वास येतो आणि मग पुण्याहून फोन येतो. कच्चे सोयाबीन मात्र कधीही घालू नये. त्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते. भाजून किंवा उकडून घेतले तर ते जाते. कोंड्यात तेल असते, तो लवकर खवट होतो, म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा नाही. पावसाळ्यात आठवड्याचाच. बंद कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. माझ्या कोंबड्या बाहेर चरतात म्हणून प्रत्येकीला संध्याकाळी पन्नास-साठ ग्रॅम पुरते.

आणि शिंपले. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते कणीतून कुठून येणार? ते मिळाले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, जाडसर कुटून वेगळ्या भांड्यात ठेवायचे. जिला अंडे घालायचे ती बरोबर येऊन खाते. हे खाद्यात मिसळायचे नाही, कारण बाकीच्यांना ते नको असते. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य पिल्लांना घातले तर त्या जादा कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. "सगळ्यांना एकच पोतं" हाही त्यामुळे "सगळ्यांना एकच मूठ" इतकाच आळस आहे.

आता पुतण्याच्या मनातली खरी भीती. पोत्यात औषधे असतील तर? ही भीती खोटी नाही. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालायची पद्धत होतीच. कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून वापरायचे औषध. तेही असे वापरले जात होते, म्हणून २०१९ च्या जुलैमध्ये सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. तेव्हा पोते घेताना मी चिठ्ठी वाचते. कोणत्या वयासाठी, प्रथिने किती, कधी तयार केले, औषध मिसळले आहे का. चिठ्ठी नसेल तर घेत नाही. पण कंपनीचे म्हणून वाईट आणि घरचे म्हणून पवित्र, हे मला मान्य नाही. ती कुबट पेंड कुठल्या कंपनीच्या पोत्यातली नव्हती. ती माझ्या सांगण्यातली होती.

आपण पुष्कळदा आठवणींना ज्ञान समजतो. आईची कणीची मूठ मला आठवत होती. त्या मुठीमागचा उकिरडा, वाळवी, कांडलेला कोंडा आणि मेलेली पिल्ले मी विसरले होते. नुसती मूठ तेवढी मी दुसऱ्याला दिली.

माझी ती विद्यार्थिनी आज तीसेक कोंबड्या सांभाळते. तिचीही वही आहे. कुठले खाद्य कधी आणले, कधी फोडले, कधी संपले, अंडी किती, सगळे टिपलेले असते. अक्षर शाळेत होते त्यापेक्षा सुधारले आहे. गेल्या श्रावणात ती सहज आली होती. मी भरडा कालवत होते. तिने मक्याच्या डब्यात हात घातला, मूठभर मका नाकाशी नेला आणि म्हणाली, "बाई, हे टाका."

मला वास येत नव्हता. वयाप्रमाणे नाकही जरा मंदावले आहे. सात-आठ किलो मका होता. दोन दिवस ऊन दे, असे एकदा अगदी ओठावर आले, खोटे कशाला सांगू? पण मी गप्प बसले. आम्ही दोघींनी परड्याच्या टोकाला खड्डा काढला, मका पुरला आणि कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे ठेवले.

तर पुतण्या, दिवाळीला येशील तेव्हा अंडी खुशाल ने. पोते पडवीतच असेल. झाकून ठेवणार नाही.

असो. सूर्य खाली गेला, कोंबड्या खुराड्यापाशी येऊन ओरडायला लागल्या आहेत. उठायला हवे.